सगुण धोंडाचे पाय

“पाय माझा. गावाचा नाय, डॉक्टराचा नाय, आणि तुझ्या शाळेचा तर मुळीच नाय,” सगुण म्हणाला, आणि स्टुलावरचा पट्टी बांधलेला उजवा पाय त्याने दोन्ही हातांनी उचलून खाटेवर घेतला. दुसऱ्याचं गाठोडं आपल्या वाटेतून बाजूला करावं तसा.

“पाय तुमचाच हो बाबा. पण ती घाण पायात थांबणारी नाही. रक्तात गेली की मग काय कापणार?” क्षमाने विचारलं.

“मान कापा.”

परेश उंबऱ्यावर बसला होता. पणजीला मोबाईलच्या दुकानात नोकरीला असलेला सगुणचा हा मुलगा रजा टाकून गावी, पार्शाला आला होता आणि सकाळपासून तिसऱ्यांदा हाच वाद घालत होता. तो म्हणाला, समजावणं पुरे झालं, उचलून गाडीत घालूया, सही मी करतो.

“तू सही करणार?” सगुण हसला. “होमकुंडाच्या दहा हातांवर उभा राहत नाय, धूर लागतो म्हणतोस. बापाचा पाय कापायला बरा पुढे सरलास.”

परेश उठून अंगणात गेला. चंद्रावती स्वयंपाकघराच्या दारात विळीवर चिंचेतले चिंचोके काढत बसली होती. तिने मान वर केली नाही. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरने तिच्यासमोरच सांगितलं होतं, पाय गुडघ्याच्या खाली काढावा लागेल, सोमवारच्या पुढे मी थांबायला सांगणार नाही. सगुणने तिथेच चपला मागितल्या. एकाच पायाला चप्पल घालता येत होती, तरी दोन्ही मागितल्या. आज शनिवार होता.

नवऱ्याचा हट्ट तिला नवा नव्हता. पण हा हट्ट पायासाठी नव्हता, हे ती ओळखून होती.

सगुण पार्शाचाच. त्याचा बाप धोंड होता. शिरगावच्या लईराई देवीचं व्रत घेणाऱ्याला इकडे धोंड म्हणतात. जत्रेच्या आधीचे दिवस गावातले धोंड एकत्र राहतात, विहिरीवर न्हातात, आपलं आपण शिजवून खातात. मग रंगीत लोकरीचे गोंडे लावलेली वेताची काठी घेऊन शिरगावला जातात आणि पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालतात. बाप गेला त्या वर्षी सगुणने काठी हातात घेतली. तेव्हा तो डिचोलीच्या बाजूला खनिजाचा ट्रक चालवायचा. घरी यायचा तो नखशिखांत तांबडा. चंद्रावती नवी नवरी होती. त्याच्या अंगावरची ती लाल धूळ धुतली की न्हाणीतून पाणी बाहेर जायचं ते कुंकवासारखं, आणि शेजारची सुमंगला म्हणायची, तुझ्या घोवाला रोज हळदकुंकू लागतं गो.

खाणी बंद पडल्या तेव्हा त्याने ट्रक विकून छोटा टेम्पो घेतला. त्यातून नारळ, काजू, लग्नाच्या खुर्च्या, जे मिळेल ते नेलं. ट्रकवर असतानाच चहाची सवय लागली होती, ती सुटली नाही. प्रत्येक वळणावर एक हॉटेल आणि प्रत्येक हॉटेलात एक चहा, साखर जास्त. लायसन नवं करताना तपासणी झाली, तेव्हा शुगर निघाली. गोळ्या मिळाल्या. आठवण झाली की घ्यायचा. व्रताच्या दिवसांत मुळीच घ्यायचा नाही. पोटात देवीचं अन्न असताना बाहेरचं औषध कशाला, असं म्हणायचा, आणि त्यावर कोणी काही बोलत नसे, कारण घरात तो दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता, आणि एवढं एक ज्याचं त्याला असू द्यावं, असं चंद्रावतीला वाटायचं.

पूर्वी जत्रेहून आला की तो ओसरीवर पाय लांब करून बसायचा. तळवे लाल झालेले असायचे, कधी एखादा फोड. चंद्रावती खोबरेल लावायची तेव्हा तो दात आवळून “हळू, हळू गो” म्हणायचा. त्या दिवसांत तो कुंडातून पळत जायचा. सगळेच पळतात.

मग कधीतरी त्याच्या टाचांच्या भेगा दुखायच्या थांबल्या. थंडीत ज्या भेगांनी तो हैराण व्हायचा, त्या तशाच होत्या, त्यांत बोटाचं टोक जाईल एवढ्या, पण दुखत नव्हत्या. देवीने टाचा बऱ्या केल्या, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. त्याच वर्षी तो कुंडातून पळाला नाही. चालत गेला. स्वतःच्या अंगणातून चालावं तसा सावकाश, काठी वर धरून. बाहेर आला आणि म्हणाला, कायच लागलं नाय. थंड. ओल्या वाळूतून आल्यासारखं.

हे गावभर झालं. त्याच्याबरोबर जाणारा भिकाजी धोंड वयाने मोठा, पण त्याने वाकून सगुणच्या पायांना हात लावला. पुढच्या वर्षी तसंच. तिसऱ्या वर्षी पेडण्याहून माणसं त्याला बघायला आली. टेम्पोवाला सगुण म्हणून ज्याला लोक भाडं कमी करायला लावायचे, त्याला आता लग्नात पुढच्या पंगतीला बसवू लागले. चंद्रावतीलाही बरं वाटायचं. का वाटू नये? आयुष्यभर माणसाने चिखल, धूळ आणि डिझेल बघितलं. शेवटाला देवीने एवढं दिलं.

यंदाही तो तसाच सावकाश चालला. घरी आला, पाय धुतले, जेवला. पाठोपाठ पावसाळ्याची बेगमी आली. पुरमेंत म्हणतात ती. सुकी मासळी, मिरच्या, चिंच, कोकम, सगळं वाळवून डबे भरायचे दिवस. त्या गडबडीत चंद्रावतीला घरात वास येऊ लागला. आधी वाटलं, सुके बांगडे नीट वाळले नाहीत. तिने ते परत उन्हात टाकले. वास राहिला. मग वाटलं, उंदीर मेला. तिने लाकडं उपसली, तांदळाचा पिंप सरकवला, माळ्यावर चढून नारळांची रास हलवली, कोपऱ्याकोपऱ्यात फिनेल ओतलं. सगुण खाटेवर बसून “त्या पेटाऱ्याच्या मागे बघ” असं सांगत होता. पेटाऱ्याच्या मागेही काही नव्हतं. ती घाम पुसत त्याच्या पायाशी जमिनीवर टेकली, आणि वास तिथे होता.

तिने त्याचा पाय उचलला. अंगठा आणि शेजारचं बोट ह्यांच्या बेचक्यात कोळशाचा एक तुकडा रुतून बसला होता. भोवती मांस काळं पडलेलं. तळव्याला हात लावला तर कातडी साय हलावी तशी हलली. तो वरून विचारत होता, काय गो, काटा गेलाय?

हे सगळं आठवत ती चिंचोके काढत होती. क्षमा आत आली आणि आईच्या मागे टांगलेल्या झाडूतून तिने एक हीर मोडून घेतली. क्षमा डिचोलीला अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवायची. भाड्याच्या खोलीत राहायची, सुट्टीत घरी. इस्पितळातून आल्यापासून ती बापाशी नीट बोलली नव्हती, फक्त भांडली होती.

“बाबा, डोळे मिटा. मी हिरीने टोचते. टोचलं की ‘हां’ म्हणा. दोन्ही पाय. एवढं करा, मग मी गप्प बसते.”

“गप्प बसणार?”

“बसणार.”

त्याने डोळे मिटले. परेश अंगणातून दारात आला. क्षमा खाटेजवळ गुडघ्यांवर बसली आणि तिने बापाच्या धड पायाच्या, डाव्या पायाच्या, अंगठ्यावर हीर टेकवली. दाबली. दुसऱ्या बोटावर दाबली. तळव्यावर, टाचेवर. कातडीला खळगे पडत होते आणि परत भरून येत होते. चंद्रावतीचा हात विळीवर थांबला.

“सुरू कर ना,” सगुण डोळे मिटूनच म्हणाला. “दिवसभर बसवणार काय?”

क्षमाने घोट्यावर टोचलं. घोट्याच्या वर चार बोटं टोचलं. तो वाट बघत होता. चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा, थोडा हसरा. पोटरीच्या मध्यावर हीर आली तेव्हा तो म्हणाला, “हां. आता लागलं. पहिलंच बरोबर ओळखलं की नाय?”

त्याने डोळे उघडले. आधी क्षमाकडे बघितलं, मग बायकोकडे, मग आपल्या डाव्या पायाकडे. त्यावर हिरीच्या टोकाचे बारीक लाल ठिपके अंगठ्यापासून वरपर्यंत चढत आले होते.

“हा तर चांगला पाय ना?” त्याने विचारलं.

क्षमा गप्प बसणार होती, पण आता त्यानेच विचारलं. तेव्हा ती त्याच्याशी भांडणाऱ्या मुलीसारखी नाही, वर्गात बोलतात तशीही नाही, हळूच बोलली. अंगातल्या पेशी डोळ्यांना दिसत नाहीत एवढ्या बारीक. पण जी पायाचं दुखणं वर पोचवते, ती पेशी कंबरेपासून अंगठ्यापर्यंत लांब असते. दोऱ्यापेक्षा बारीक, पण पायाएवढी लांब. तिचं घर पाठीच्या कण्याजवळ, शेवटचं टोक अंगठ्यात. लागेल ते सगळं वरून खाली धाडावं लागतं. रक्तात साखर साचून राहिली की हे काम बिघडतं, आणि आधी मरतं ते सर्वांत लांबचं टोक. मग मरण वर सरकत येतं. सगुणने बागायतीला पाटाचं पाणी दिलेलं होतं. पाट आटायला लागला की शेवटच्या माडाला आधी कळतं, हे त्याला सांगावं लागलं नाही.

“मी हे दर वर्षी शिकवते,” क्षमा म्हणाली. “भेगा दुखत नाहीत असं तुम्ही सांगितलं, तेव्हाही शिकवत होते.”

“आणि दुखलं नाय तर बरंच ना? दुखणं कोणाला हवंय?”

“दुखणं पायाचा राखणदार असतो बाबा. फार जुना. जी जनावरं दुखलं म्हणून थांबली, पाय उचलून लंगडली, ती जगली आणि त्यांना पिल्लं झाली. ज्यांना दुखलंच नाही ती चालत राहिली आणि मेली. आपण सगळे त्या दुखणाऱ्यांची पोरं.”

“माकडाची पोरं म्हण की सरळ,” सगुण म्हणाला. पण टोमण्यात दम नव्हता. तो परत आपल्या डाव्या पायाकडे बघू लागला. मग त्याने तो प्रश्न विचारला. मुलांना नाही, बायकोला.

“म्हणजे ती चार वर्षं देवी नव्हती?”

परेश बाहेर बघत राहिला. चंद्रावतीला कळलं, गेले आठ दिवस हा माणूस कशाला धरून बसलाय. डॉक्टरकडे जायचं म्हणजे साखरेने पाय मेला हे मान्य करायचं. ते मान्य केलं की भिकाजीने वाकून हात लावलेले पाय कोणाचे होते? पेडण्याहून आलेल्या माणसांनी काय बघितलं? आयुष्यात त्याला एकदाच कोणी मोठं म्हटलं होतं, आणि तेच ही माणसं कापायला निघाली होती. गुडघ्याखालचं मांस त्या मानाने काहीच नव्हतं.

नव्हती, असं सांगायला तिची जीभ रेटेना. होती, असं सांगितलं तर तो सोमवारी हलणार नाही. तिने चिंचेचे चिकट हात पदराला पुसले, उठून खाटेच्या कडेला बसली आणि पट्टीचा पाय मांडीवर घेतला. आज वासाने तिला मळमळलं नाही. सवय झाली होती, आणि त्याचंच तिला वाईट वाटलं.

“आधीची किती वर्षं गेलात तुम्ही?” तिने विचारलं. “परेश झाला त्याच्याही आधीपासून. तेव्हा भाजायचं ना?”

“भाजायचं.”

“मी तेल लावायची तर ओरडायचात. पुढच्या वर्षी परत जायचात. भाजणार हे ठाऊक असून जायचात ना?”

त्याने मान हलवली.

“मग देवी तेव्हा होती. भाजत होतं तेव्हा. ते तुमच्याकडून कोणी काढून घेतलंय? डॉक्टर काढणार? तेव्हा तुमच्या पाया पडायला कोणी आलं नाय, म्हणून ते खोटं?”

सगुणचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आयुष्यात तो बायकोसमोर रडला नव्हता. आताही रडला नाही. फक्त त्याने हात पुढे करून पट्टीवरून आपल्या पायाची बोटं चाचपली, एकेक, आणि हाताला लागत होती ती बोटं त्याची होती पण त्या बोटांना हात लागत नव्हता, हे चंद्रावतीने त्याच्या डोळ्यांत बघितलं.

“निखाऱ्यावर हळू चाललो मी,” तो म्हणाला. “लोक बघत होते म्हणून आणखी हळू चाललो.”

तिने त्याचा पाय मांडीवरून अलगद खाटेवर ठेवला.

दिवेलागणीला तिने पेज वाढली, बरोबर लोणचं आणि भाजलेला सुका बांगडा. सगुणने जेवण केलं. क्षमा ताट घेऊन बापापासून लांब, भिंतीला टेकून बसली होती आणि परेश मोबाईलकडे बघत होता. सुमंगलेने कुंपणावरून हाक मारून सगुणबाब कसे आहेत विचारलं, तेव्हा चंद्रावतीने आतूनच, आहेत बरे, असं सांगितलं.

सगुणने ताटातच हात धुतला. टॉवेलला पुसला.

“सोमवारी जाऊया,” तो म्हणाला. “गुडघ्याखाली कापू दे. भिकाजी विचारायला आला तर पाय साखरेने गेला म्हणून सांगा, दुसरं काय सांगू नका. आणि ह्या घरातून आता धोंड जायचा नाय. परेशच्या मागे कोणी लागायचं नाय.”