टाळ्या वाजवणारी गाडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बेबीला नाही, कॉलेजातल्या एकुलत्या एका मैत्रिणीलाही नाही. मी मुळातच कमी बोलते, त्यामुळे मी काही लपवते आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. गप्प माणसाला हा एक फायदा असतो — तो गप्प का आहे, हे कुणी विचारत नाही.

आधी इंग्रजीत लिहून पाहिलं. माझी शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी. फार नीट उतरलं ते, अगदी स्वच्छ — जणू दुसऱ्याच कुणा मुलीची गोष्ट. फाडून टाकलं. ज्या माणसाशी मी खोटं बोलले, त्याला इंग्रजी येत नाही.

तो माणूस म्हणजे माझे बाबा.

बाबा गिरणीत मागावर होते. आमची मरोळची खोली घेतली ती त्याच पगारातून, आणि मला इंग्रजी शाळेत घातलं तेही त्यातूनच. संपानंतर गिरणी काही उघडली नाही. माझा मामा तेव्हा आखातात निघाला होता. त्याची फिक्या पिस्ता रंगाची जुनी गाडी त्याने बाबांना दिली, चालवायलाही त्यानेच शिकवलं. मग बाबा आमच्या आणि आजूबाजूच्या बिल्डिंगमधल्या मुलांना शाळेत ने-आण करायला लागले. आरे कॉलनीतून पलीकडे गोरेगावला. माझी धाकटी बहीण बेबीही त्याच शाळेत, त्याच गाडीत.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मागांच्या खडखडाटात इतकी वर्षं काढल्यामुळे बाबांना बारीक आवाज ऐकू यायचे नाहीत. हॉर्न यायचा, बसचा घरघराट यायचा, समोर उभं राहून बोललं की सगळं कळायचं. पण घड्याळाची टिकटिक, नळाची टपटप — ते जग त्यांच्यापुरतं बंद झालं होतं. ते लपवायचे नाहीत. हसून सांगायचे, "माझे कान माझ्या चेडवाकडे असत." चेडू म्हणजे मुलगी. म्हणजे मी.

तर, आवाज. गाडी वळताना पुढून यायचा. टक — टक — टक. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वैशूने तो पहिल्यांदा पकडला. वैशू तेव्हा चौथीत होती, वर्गातली सगळ्यात बडबडी. "काका, तुमची गाडी वळली की टाळ्या वाजवते!" मग सगळी मुलं वळण आलं की टाळ्या वाजवायला लागली. बाबांना वाटलं, पोरांचा नवा खेळ. बेबीने घरी येऊन सांगितलं तेव्हा कळलं की गाडी खरंच वाजते.

गॅरेजात न्यायची कल्पना बाबांना पटली नाही. गिरणीत माग बिघडला की ते नुसता हात ठेवून सांगायचे, कुठे काय झालंय ते. "कानापेक्षा हात बरो. हात कधी खोटा सांगणा नाय." रविवारी सकाळी त्यांनी गाडी आवारात घेतली, जॅक लावला, खाली विटा रचल्या आणि पुढचं डावं चाक काढलं. दोन्ही हातांनी हलवून पाहिलं होतं — चाक किंचित डुगडुगत होतं. "बेअरिंग," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की गिरणी बंद झाल्यापासून तो तसा मी पाहिला नव्हता. रॉकेलमध्ये बेअरिंग धुतलं, नवं ग्रीस भरलं, नट आवळला. बेबी स्टीलच्या वाटीत पिना धरून बसली होती. मी पाने देत होते.

आणि सगळी बिल्डिंग गॅलरीत होती.

तुम्हाला कधी असं झालंय — की आपल्याकडे कुणी पाहतंय म्हणून अंगावरचे कपडे टोचायला लागतात? मला ते लहानपणापासून होतं. दुसऱ्या मजल्यावरचे तावडेकाका कठड्यावर कोपर टेकून मजा बघत होते. "काय सावंत, काढलंस ते चाक परत बसवता येईल ना रे? नाहीतर उद्या पोरं बसतील आणि तू ढकलशील!" लोक हसले. बाबाही हसले, त्यांना अर्धंच ऐकू आलं होतं.

चाक बसवून झालं. आता माझं काम. बाबा स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी पाण्याच्या टाकीभोवती हळूहळू फिरवणार, आणि मी चाकाशी कान नेऊन बाजूने चालणार. वाकून, अर्धी धावत, हातात ओढणी गुंडाळून. पहिल्या फेरीलाच वरून कुणीतरी शिट्टी मारली. तावडेकाका ओरडले, "अगं, डॉक्टरीण झालीस काय? नाडी लागते का गाडीची?" मागे वळून पाहिलं तर दोन-तीन मुलं माझ्यामागे तशीच वाकून चालत होती, माझी नक्कल करत. सगळ्या गॅलऱ्या हसत होत्या.

बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मोठ्याने — बहिरी माणसं बोलतात तसं — विचारलं, "येता काय गो आवाज?"

मी म्हणाले, "नाही."

"नीट आयक, बाय. नाय येना?"

"नाही येत. गेला."

ते खाली उतरले आणि ग्रीसने भरलेले हात वर करून त्यांनी तावडेकाकांना दाखवले. मी जिना चढून घरात आले आणि मोरीत जाऊन बराच वेळ हात धुतले.

इथपर्यंत तुम्ही मला माफही कराल कदाचित. एकोणीस वर्षांची लाजरी मुलगी, लोक हसत होते, तिला तिथून पळायचं होतं — समजण्यासारखं आहे. पण मी सांगायला बसले ते हे नाही. हे मी स्वतःलाही कितीदा सांगितलंय, म्हणजे पुढचं सांगायला नको.

सोमवारी सकाळी मी गॅलरीत उभी होते. मुलं कोंबून भरली, गाडी फाटकातून डावीकडे वळली. टक — टक — टक. वरून जरा दबलेला, पण तोच. म्हणजे बेअरिंग ढिलं होतं हे खरं. आवाज मात्र दुसऱ्याच कशाचा होता. आता तो कशाचा, हे कुणीच शोधत नव्हतं.

त्या दिवसापासून भीती माझ्याबरोबर राहायला आली. चाक निखळलं तर? आरेतल्या उतारावर? समोरून बस येत असताना? कॉलेजात मी वहीवर पेन ठेवून बसायचे आणि मला रस्त्यावर घरंगळत जाणारं चाक दिसायचं. दुपारी बाबांचा हॉर्न खाली वाजला की मगच मी जेवायला बसायचे. मग वाटायचं, आज सांगू. पण बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असायचे, स्वतःच्या हाताने गाडी कशी दुरुस्त केली ते. आणि मग — आज सांगितलं तर कालच का नाही, हा प्रश्न येणार. एकेक दिवस जात होता आणि तो प्रश्न जड होत होता.

वैशूने सांगितलं होतं. तिने बाबांना म्हटलं, "काका, अजून वाजतात टाळ्या." बाबा हसले — "ताईन आयकल्यान ना? मग?" ती माझ्याकडे आली. जिन्यात मला अडवून म्हणाली, "ताई, येतो ना गं आवाज? मला येतो." मी म्हणाले, "तुला भास होतो."

नऊ वर्षांच्या मुलीला मी हे म्हणाले.

आणि आता ते सांगते.

त्याच आठवड्यात मी आईला म्हणाले की बेबीला गाडीत मळमळतं. आरेतल्या गुरांच्या गोठ्यांचा वास आणि त्यात ती गर्दी — तिला त्रास होतो, ती बोलत नाही. मी तिला माझ्याबरोबर बसने नेईन, मला वाटेतच पडतं. बेबी म्हणाली, "मला कुठे मळमळतं?" मी तिच्याकडे पाहिलं. ती माझं ऐकायची. बाबांना वाईट वाटलं, पण ते म्हणाले, "बरा, ताईबरोबर जा."

समजलं ना, मी काय केलं ते? माझी बहीण मी बाहेर काढली. बाकीची मुलं आत राहू दिली. मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही, कारण बेबी माझ्या शेजारी बसमध्ये बसलेली होती.

पुढच्या सीटवर खिडकीशी बेबीची जागा असायची. ती रिकामी झाली. ती वैशूला मिळाली. इतके दिवस ती मागे दोघींच्या मांडीवर बसून जायची. पुढची जागा मिळाली म्हणून तिने सबंध मजल्यावर सांगितलं. कधी कधी आरेत बाबांची गाडी आमच्या बसला मागे टाकायची, आणि वैशू खिडकीतून हात बाहेर काढून आम्हाला हलवून दाखवायची. बेबीही हलवायची. मी पण हलवायचे.

एका सकाळी बस उतारावर थांबली. कंडक्टरने बाहेर वाकून पाहिलं आणि म्हणाला, "वाट लागली, गाडी गेली झाडात." बस रिकामी व्हायला लागली. मी उठले नाही. मला दिसत नव्हतं, पण माहीत होतं. बेबी सीटवर चढून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, आपली गाडी."

पुढचं डावं चाक बाहेरच्या बाजूला भलतंच वळलेलं होतं, पाय मुरगळून पडलेल्या माणसासारखं. दार झाडाच्या बुंध्यात आत गेलं होतं. मागची मुलं गवतात बसून रडत होती, खरचटण्यापलीकडे त्यांना काही झालं नव्हतं. बाबांच्या कपाळातून रक्त येत होतं आणि ते दार ओढत होते. खिडकीशी वैशू होती.

ती वाचली. तोल सावरायला पुढे टेकलेला तिचा उजवा हात कोपरात असा मोडला होता की तो नीट जुळला नाही.

गॅरेजवाल्याने नंतर सांगितलं, स्टेअरिंगकडून चाकाला जाणाऱ्या दांड्याचा सांधा झिजून निसटला होता. आणि तो म्हणाला, असा सांधा आधी वाजतोच, आवाज करतोच. हे ऐकून वैशूची आई, सुमनताई, त्याच संध्याकाळी आमच्या घरी आल्या. त्या बाबांवर ओरडल्या नाहीत. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्या मला फार मानायच्या — शिकलेली मुलगी, उगाच बोलत नाही. त्यांनी विचारलं, "तू ऐकलं होतंस ना? आवाज येत होता का गं?"

बाबा माझ्याकडे बघत होते. आई बघत होती. बेबीही बघत होती. पहिल्या वेळी मला कुणी विचार करायला वेळ दिला नव्हता, असं मी म्हणू शकते. या वेळी सगळे थांबले होते.

मी म्हणाले, "नाही. नव्हता येत."

सुमनताईंनी मान हलवली. त्यांनी विश्वास ठेवला. बाबांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले आणि हळू आवाजात — ते हळू कधी बोलत नाहीत — म्हणाले, "म्हणजे माझ्याच हातान काय तरी ढिला रवला."

हे त्यांनी पुढे सगळ्यांना सांगितलं. तावडेकाकांना, मुलांच्या आईबापांना, मामाला लिहिलं तेव्हा मामालाही. गाडी आहे त्या स्थितीत विकली. आता ते इंडस्ट्रियल इस्टेटच्या फाटकावर वॉचमन आहेत. घरातला नळ गळला तरी त्याला हात लावत नाहीत. दुसऱ्याला बोलावतात आणि तो काम करत असताना बाहेर जाऊन उभे राहतात.

बेबीला आता खरंच मळमळतं. लग्नाला जायला कधी टॅक्सी केली तर ती रुमालात लिंबू घेऊन बसते, डोळे मिटून. आई सांगते, हिच्या मळमळीनेच हिला वाचवलं. बेबीही तेच सांगते. तिने स्वतःच म्हटलेलं — मला कुठे मळमळतं? — ते तिला आठवत नाही. की आठवतं? मी विचारलेलं नाही.

वैशू डाव्या हाताने लिहायला शिकली. उंच झाली आहे, अजून तशीच बडबडी. परवा जिन्यात भेटली, दप्तर डाव्या खांद्यावर, उजवा हात नेहमीसारखा पोटाशी दुमडलेला. कशावरून तरी त्या गाडीचा विषय निघाला. ती हसून म्हणाली, "मी पण काय येडी होते ना ताई? मला तेव्हा आवाज यायचा. तू म्हणाली होतीस, भास होतो म्हणून."

मी हसले. तिच्याबरोबर हसले, आणि वर आले.

बाबा खुर्चीत बसले होते. मला पाहून त्यांनी रेडिओकडे बोट दाखवलं. विचारलं, "येता काय गो आवाज?"

येत होता, बाबा. पुढच्या डाव्या चाकातून, वळताना, अगदी स्पष्ट. पहिल्या फेरीलाच मी तो ऐकला होता.