चादरीआडची हाजराखाला

हाजराखाला मेलेल्या बायांचे डोळे काढून दवाखान्यात पाठवते, अशी बातमी त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात चौक मंडईत उठली. ती उठवण्यात माझा हात होता असं अजून काही लोक म्हणतात. साफ खोटं. हात नव्हता, फक्त तोंड होतं.

खरं सांगायचं तर हाजराखालाला सुईत दोरा ओवायला मी लागायची. ती कुणाचे डोळे काय काढणार! तिचं काम उलटं होतं. गल्लीत मुसलमानांच्या घरी बाई गेली की खालाला बोलावणं जायचं. ती आधी मयताचे डोळे मिटवायची. मग चारी बाजूंनी चादर धरायला लावून, बोरीचा पाला घालून उकळलेलं पाणी कोमट करून, मयताला न्हाऊ घालायची, कापूर लावायची, कफन नेसवायची. मदतीला सून बिल्किस, पाणी ओतायला. याचे पैसे ती घेत नसे. चहासुद्धा त्या घरचा घेत नसे.

नवऱ्याचं सायकलचं दुकान होतं, ते तो बाहत्तर साली गेल्यावर दिराकडे गेलं. खालाकडे राहिलं हे काम. सासूकडून शिकलेली. सासूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं म्हणे, चादरीच्या आत जे दिसेल ते आतच ठेवायचं. कुणाच्या पाठीवर वळ असतात, कुणाच्या पोटावर डाग. बाहेर आल्यावर धुणारीनं मुकं व्हायचं.

आता मी तिच्या समोरच्या घरात राहणारी. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे माझी आईसुद्धा सांगायची. एवढी सगळ्या घरांच्या आतली माहिती असलेली बाई समोर, आणि वीस वर्षांत तिनं मला एक गोष्ट सांगितली नाही! मी म्हणायची, “खाला, तुमच्या जागी मी असते तर गल्लीचं वर्तमानपत्र काढलं असतं.”

“म्हणून तर अल्लानं तुला तुझ्या घरात जन्माला घातलं,” ती म्हणायची.

नफीसा आमच्याच गल्लीतली. दवाखान्यात नर्स, नवरा हनीफ सातपूरला कारखान्यात फिटर, दोन पोरी, आणि सासू चाँदबी. नफीसाला पोटाचा कॅन्सर झाला. एका दुपारी मी तिच्यासाठी मऊ खिचडी घेऊन गेले तर खाला उशाशी बसलेली.

नफीसा म्हणाली, “खाला, मी डोळे लिहून दिलेत. मेल्यावर दवाखान्याला. हनीफची सही आहे कागदावर. तुम्ही मला धुवाल ना?”

खाला एवढी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. “शरीर अल्लाची अमानत आहे, पोरी. आपलं नाही ते वाटून टाकायला. मुर्द्यालाही दुखतं, मी पाणी किती हळू घालते तुला माहीत नाही.”

“मुंबईला शिकत होते तेव्हा एका बाईला असाच डोळा बसवला होता. पट्टी सोडली तेव्हा समोर मी. सात वर्षांनी बघत होती बाई. मला बघून म्हणाली, अगं, किती काळी तू!” नफीसा हसली, मग तिला हसणंही झेपेना.

“मला पटत नाही,” खाला म्हणाली.

“नका पटवून घेऊ. धुवाल ना?”

खालानं बराच वेळ तिची चादर सारखी केली. “धुईन. बाकी तू जाण आणि तुझा अल्ला जाणे.”

मी हे फक्त शेजारच्या मंगलाबाईला सांगितलं, तेही नळावर, आणि कुणाला सांगू नको म्हणून बजावून. संध्याकाळपर्यंत दूधबाजारात पोचलं होतं.

मे महिन्यात नफीसा दवाखान्यातच गेली. मयत दुपारी घरी आलं. दिवस कलताना, असरच्या नमाजानंतर दफन होतं. दवाखान्यात काय झालं ते हनीफला ठाऊक, पण तो भिंतीशी मान खाली घालून बसलेला, त्याला विचारायची कुणाची छाती होईना. खाला आणि बिल्किस चादरीआड गेल्या. बाहेर बाया नुसत्या पाण्याचा आवाज ऐकत होत्या. एरवी रडण्यात पाणी ऐकू येत नाही. त्या दिवशी येत होतं.

शेवटचं तोंड दाखवलं तेव्हा पापण्या मिटलेल्या होत्या. खालानं कफन लगेच ओढलं. चाँदबीनं तिचं मनगट धरलं.

“हाजरा, डोळे होते का?”

“नीट धुतलं तिला, चाँदबी.”

“मी ते विचारत नाही! कयामतला माझी सून आंधळी उठली तर? पोरींना ओळखायची कशी?”

खाला तिच्याशेजारी खाली बसली. “पोरी ओळखतील तिला,” एवढंच म्हणाली.

झालं. खाला सांगत नाही म्हणजे काहीतरी आहेच. आठ दिवसांत गोष्ट अशी फिरली की कागद खालानंच भरायला लावला, महिनाभरात अशी की डोळे खालानंच काढले. मोहल्ल्यातले दोघं-चौघं मौलानांकडे गेले. खालाला बोलतं करा म्हणाले. मौलाना म्हातारे, सावकाश बोलणारे. ते काय म्हणाले हे हनीफनं मला नंतर सांगितलं: “डोळे द्यावेत की नाही यावर आलिमांची दोन मतं आहेत. मी अजून वाचतोय, मला ठरवता आलेलं नाही. मुर्द्याचं झाकलेलं उघडावं का, यावर मात्र एकच मत आहे. घरी जा.”

लोक घरी गेले. पण खालाला बोलावणं बंद झालं.

त्या वर्षात आमच्या गल्लीत चार बाया गेल्या. धुणारी वडाळ्याहून आणली. मशिदीतून मयताची खबर कानावर आली की खाला उठायची, हातपाय-तोंड धुऊन वजू करायची, धुतलेली ओढणी घेऊन उंबऱ्यात बसायची. कुणी येईल म्हणून. समोरून जनाजा निघून जाईपर्यंत बसून असायची. मग ओढणीची घडी घालून पेटीत ठेवायची. चौथ्या वेळी मी माझ्या खिडकीतून उठले. जन्मात पहिल्यांदा मला काही बघवेना.

पुढच्या थंडीत चाँदबी अंथरुणाला खिळली. एका सकाळी तिनं मलाच हाक मारली. “सिंधुबाई, हाजराला बोलाव. मला तीच धुणार.”

मी म्हटलं, “अहो, पण तुम्हीच तर...”

“सुनेचं मला नाही सांगितलं तिनं. सख्ख्या सासूला! मी पाय धरले तिचे रात्रभर, तरी नाही.” चाँदबीला धाप लागली. “माझ्या अंगावर एक आहे, हनीफच्या बापानं केलेलं. चाळीस वर्षं झाकलं. ते बघणारी बाई अशीच पाहिजे.”

मी कान टवकारले. पण तिनं मला दार ओढून घ्यायला सांगितलं, बाहेरून.

तीन दिवसांनी चाँदबी गेली. खाला चौकातून चालत गेली, तीच धुतलेली ओढणी घेऊन, मागे बिल्किस. बायांनी वाट दिली. चादरीआडून पाण्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं बाहेर बायांचं मोठ्यानं रडणंही सुरू झालं. त्यानंतर पुन्हा बोलावणी यायला लागली. कुणी माफी वगैरे मागितली नाही. मीसुद्धा नाही. तिच्याकडे तांदूळ निवडायला जाऊन बसले, हीच माझी माफी.

एका दुपारी मात्र मला राहवलं नाही. “खाला, मी तर तुमच्यातली नाही. मला सांगून काय बिघडतंय? नफीसाचे डोळे होते की नव्हते?”

खाला तांदळातले खडे वेचत राहिली.

“बरं, ते राहू द्या. तुमचे तुम्ही देणार की नाही, एवढं तरी सांगा.”

तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “ते बिल्किसला कळेल, मला धुताना. आणि ती तुला सांगणार नाही. मीच शिकवलंय तिला.”