मेजर मावशींचा रविवार

मेजर मावशींच्या घरात रविवारी हिंदी बोलायला बंदी होती. तोंडातून ‘यार’ निसटलं की अर्धा नारळ खवायचा. ‘अच्छा, चलो’ असं जोडीनं निघालं तर अख्खा. आम्ही दिल्लीच्या आसपास वाढलेली बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची पोरं. घरात मोडकंतोडकं मराठी, उंबऱ्याबाहेर सगळं हिंदी. त्यामुळे मावशींच्या स्वयंपाकात खोबऱ्याची टंचाई कधीच पडली नाही. मटणात दही-दूध आमच्यात चालत नाही, म्हणून रश्शाला नारळाचं दूधच लागायचं. मावशींना त्याची काळजी नसायची. आमच्या जिभेवर त्यांचा पूर्ण भरवसा होता.

मावशी मूळच्या अलिबागकडच्या. लष्करी इस्पितळांत नर्स म्हणून नोकरी करून मेजरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाल्या आणि दिल्लीतल्या द्वारकेच्या एका नव्या सोसायटीत राहायला आल्या. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, “इतके बहाद्दर सुई बघून रडताना पाहिले, की पुरुषांवरचा विश्वासच उडाला.” तेव्हा द्वारकेत माणसांपेक्षा विटांचे ढीग जास्त होते. पाणी टँकरनं यायचं. मी फरीदाबादहून दोन बस बदलून जायची. बाबा तिथल्या कारखान्यात होते. घरी नुकतीच केबल आली होती. रविवारचा सिनेमा सोडून भर उन्हात द्वारकेला जायचं म्हणजे मला शिक्षाच वाटायची.

मावशींचा वर्ग म्हणावा तर फळा नाही, पुस्तक नाही. खिरीचा सण का करायचा ते खीर ढवळता ढवळता कळायचं. शेमाची, म्हणजे ‘देव एकच’ असं सांगणारी हिब्रू प्रार्थना आम्ही भांडी विसळताना पाठ केली. अजूनही ती म्हणताना माझे हात ओले असल्यासारखे वाटतात. उच्चार चुकला तर मावशी डोळे मिटून घ्यायच्या. “हिब्रू चुकलं तर देव समजून घेईल. मराठी चुकलं तर मी घेणार नाही.”

रूथ या नावामुळे शाळेत सगळे मला ख्रिश्चन समजत. नाताळच्या नाटकात दरवर्षी मेरी मीच. एकदा वैतागून मावशींपुढे रडगाणं गायलं. त्या कांदा चिरत होत्या.

“मेरी कोण होती गं? यहुदीच ना? शाळेनं चुकून बरोबर मुलगी निवडली. पण तू मान खाली घालून का उभी राहतेस? ताठ राहा, आणि सांग बाईंना, मी हिच्या नात्यातली आहे म्हणून.”

मी खरंच सांगितलं. बाई चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. “अच्छा? तो तुम लोग अभी तक हो?”

पुढच्या रविवारी मी हे नक्कल करून दाखवलं. सगळे हसले, मावशी सगळ्यांत जास्त. मग डोळे पुसून म्हणाल्या, “म्हणूनच बोलावते तुम्हाला.”

एका रविवारी त्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये मलिदा, म्हणजे आमचा नवस फेडायचा विधी ठेवला. गोड पोहे, फळं, मधोमध गुलाब, आणि एलियाहू हन्नाबीचं गाणं. सोसायटीचे सेक्रेटरी चौधरीसाहेब ‘बिना परमिशन पार्टी’ पकडायला आले आणि ताट बघून आपसूक हात जोडून उभे राहिले. “ये कौन से बाबा हैं, मेजर साहब?”

“पैगंबर आहेत. आगीच्या रथात बसून वर गेले.”

चौधरीसाहेबांना एक अक्षर कळलं नाही. मावशींनी सुस्कारा सोडला आणि हिंदीत सगळी कथा सांगितली. “फिर लौटे नहीं?” त्यांनी काळजीनं विचारलं.

“आते हैं ना. बिना बुलाए, आपकी तरह.”

चौधरीसाहेब खूश होऊन खाली बसले. आम्ही मात्र एका सुरात ओरडलो, “मावशी, हिंदी!” मेजरसाहेबांनी निमूटपणे खवणी ओढली. पण त्या दिवशी चौधरीसाहेबांनी मलिदा तीनदा मागून घेतला, आणि पुढे हॉलची किल्ली मावशींकडेच राहू लागली.

मग एकेक घर इस्रायलला जायला निघालं. विमानतळ जवळ, म्हणून जाणाऱ्यांचा शेवटचा मुक्काम मावशींकडे. त्या पराठे बांधून द्यायच्या आणि कुरकुरायच्या, “मी पोरांना मुळाशी घट्ट करायला घेतलं होतं, पार्सल करायला नाही.” आमच्यातली बहुतेक पोरं त्यांच्या शिकवणुकीमुळेच तिकडे ओढली गेली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेवटी रविवारी मी एकटीच उरले, तरी रस्सा तेवढाच शिजायचा.

गुडघे गेले तेव्हा इस्रायलमधल्या अश्दोदचा भाचा त्यांना न्यायला आला. विमानतळावर त्यांनी माझी ओढणी नीट केली आणि पडेल चेहऱ्यानं म्हणाल्या, “तिथं सगळेच यहुदी गं. मी करू काय?”

काय करायचं ते त्यांना महिन्याभरात सापडलं. तिथल्या मराठी घरांतली पोरं हिब्रू फाडफाड बोलत, पण आजीशी बोलायला त्यांना दुभाषा लागे. मावशींनी शुक्रवारी सकाळी त्यांना गोळा करायला सुरुवात केली. फोनवर आमचं बोलणं अर्ध्यावर टाकून त्या कुणावर तरी खेकसायच्या, आणि मला फार बरं वाटायचं.

काही वर्षांनी एका दुपारी अश्दोदहून फोन आला. आवाज कोवळा, अनोळखी. एकेक मराठी शब्द जपून ठेवणारा.

“रूथताई? मी याएल, मावशींच्या शुक्रवारच्या पोरांतली. मावशी काल गेल्या.”

मी गॅस बंद केला.

“त्यांनी सांगून ठेवलं होतं,” ती म्हणाली, “पहिला फोन फरीदाबादला करायचा. तिकडे ताई एकटी आहे.”

मग तिनंच चाचरत विचारलं, “ताई, मी शुक्रवारी फोन करू?”

“कर,” मी म्हटलं. “मी वाट बघेन.”