हद्दीवरचा मार

आधीच सांगते, मी देवभोळी बाई नाही. कुणाच्या अंगात आलं की बाकीच्या बाया हळदीकुंकू शोधत पळतात, मी म्हणते, बाई, आधी पाणी पी. करणी, मूठ, भूतबाधा... सगळे रिकाम्या डोक्याचे धंदे! तुमच्या मासिकातलं हे सदर नातसून मला वाचून दाखवते आणि मी मधेच म्हणते, पुरे कर, थापा आहेत. परवा ती चिडली. म्हणाली, "मग आजोबांच्या पाठीचं काय?"

म्हटलं, बस, सांगते. आता तीच लिहून घेते आहे. शुद्ध बोला म्हणते, तर जमेल तेवढं बोलते.

तेव्हा इंग्रज अजून गेला नव्हता. आमचं शेत आणि घर आसेगावला. पण आमच्या मालकांच्या मनात भरलं होतं कामरगाव. मोठं गाव, भरणारा बाजार, किराणा-कापडाची दुकानं. तिथे जागा घ्यायची, घर बांधायचं, पुढे लेकरांना शाळा होईल... दिवसरात्र तेच. शेवटी गुलाबराव नावाच्या गृहस्थाकडून एक मोकळी जागा घेतली. गुलाबराव तोंडाचा मोठा गोड. जागेचे चारही कोपरे त्यानं स्वतः चालून दाखवले, कोपऱ्यावरचे दगड दाखवले, आणि त्याच दिवशी आमच्या पंगतीला बसून पोटभर पुरणपोळी खाऊन गेला. त्या पुरणपोळीचा राग मला अजून येतो.

पाया खोदायला घेतला तसा शेजारचा किसनभाऊ धावत आला. आडदांड माणूस, शेतकरी, आवाज असा की बैल बिचकावेत.

"ओ आसेगाववाले! माया जागेत पाया काहून खोदून राह्यले?"

"गुलाबरावनं दाखवली तीच हद्द हाय. तो पाहा दगड."

"तो दगड तिथं नव्हताच! हे कडुनिंबापासूनची पट्टी मायी हाय!"

पट्टी म्हणजे केवढी? दोन खाटा मांडल्या की संपली. पण दोघांनी एकमेकांच्या बंड्या धरल्या आणि खोदलेल्या चरात पडले. किसनभाऊनं ह्यांचं तोंड मातीत दाबलं, ह्यांनी त्याचा अंगठा चावला. मी फावडं घेऊन वर उभी... खरं सांगते, घातलंच असतं त्याच्या पाठीत. चार माणसांनी येऊन सोडवलं. गुलाबरावाला बोलावलं, तर तो हात जोडून म्हणतो, "मी काहून खोटं सांगन? दगड बापजाद्यापासून तिथंच हाय."

गावठाणातल्या जागेची तेव्हा कसली मोजणी न् कसला नकाशा. पाटील म्हणाले, जुन्या रीतीनं होऊ द्या. रीत अशी — ज्याला आपली हद्द खरी वाटते त्यानं अंघोळ करून, त्या जागेची माती फडक्यात घेऊन डोक्यावर ठेवायची आणि अनवाणी ती हद्द चालून दाखवायची. चालून पार झाला तर जागा त्याची. माती मधेच टाकली तर तो खोटा, आणि खोट्याला मग गाव उभं करत नाही.

किसनभाऊ म्हणाला, "उचल माती, असन हिंमत तं!"

"उचलतो," हे म्हणाले. का नाही उचलणार? ह्यांच्या मनात कसलीच खोट नव्हती. परका माणूस, नवं गाव, इथंच जन्म काढायचा. मला तर उलट बरंच वाटलं. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लागेल.

सकाळची वेळ. ऊन चांगलं वर आलेलं. अर्धं गाव जमलेलं, गुलाबराव सगळ्यांत पुढे. हे भुईवर लक्ष ठेवून, दोन्ही हातांनी डोक्यावरचं गाठोडं धरून गुलाबरावाच्या दगडापासून निघाले. थोडं अंतर गेले असतील...

आणि आवाज आला. दगडावर ओलं धुणं आपटावं तसा.

हे पुढे झुकले. आम्हाला वाटलं, ठेचकाळले. परत आवाज — आणि ह्यांची पांढरी बंडी डाव्या बाजूनं फाटली, रक्ताची रेघ उमटली. जवळ माणूस नाही, काठी नाही, काही नाही! लख्ख उन्हात सगळं गाव बघतंय. तिसऱ्या वाराला कान फुटला. मग तर एकावर एक, एकावर एक... ओठ फाटला, दात रक्तासकट बाहेर पडला. खांद्याचं हाड मोडल्याचा कडाड आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. बाया किंचाळत पळाल्या.

"माती टाका! टाका ती माती!" मी ओरडले आणि धावत जाऊन ह्यांना पाठीमागून मिठी मारली. म्हटलं, आता मार मला.

मला काहीही लागलं नाही. माझे हात ह्यांच्या पाठीवर, आणि माझ्या हातांच्या खाली वार बसत होते. प्रत्येक वाराला ह्यांचं अंग थरथरत होतं, माझे तळवे गरम रक्तानं भिजत होते, आणि माझ्या कातडीवर साधा ओरखडा नाही. हे मी कुणाला समजावून सांगू?

किसनभाऊ — तोच, ज्याची जागा होती तो — ढसाढसा रडायला लागला. "अबे फेक ना बापा! घे ती जागा, मले नाही पाह्यजे! कायले मरून राह्यला!"

पण ह्यांनी टाकली नाही. एक हात लुळा पडला तर दुसऱ्यानं गाठोडं धरलं. प्रत्येक वारासरशी हे थोडे उजवीकडे, आमच्या जागेच्या आत ढकलले जात होते. असे सरकत सरकत कडुनिंबाच्या आतल्या अंगाला आले, आणि मार थांबला. एकदम थांबला. तिथून पुढे हे सरळ रेषेत चालत शेवटपर्यंत गेले. मागे रक्ताचे थेंब पडत होते. माती खाली ठेवली आणि मगच कोसळले.

पाटलांनी मार थांबला तिथे खणायला लावलं. पूर्वीची माणसं हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरत असत, कारण दगड हलवता येतो आणि कोळसा कुजत नाही. तिथे खाली काळा कोळसा निघाला, खापराच्या तुकड्यांसकट. गुलाबरावाच्या दगडाखाली काय? भुसभुशीत, नवी माती.

हे भुईवर पडल्या पडल्या बोलले. तोंडात रक्त, शब्द धड येत नव्हते. "गुलाबराव... आता तुमी उचला माती. तुमी चाला."

गुलाबराव पांढरा फटक पडला. पागोटं तिथंच टाकून जो पळाला, तो थेट कारंजा गावाला जाऊन थांबला. किसनभाऊ कुऱ्हाड घेऊन मागे निघाला होता, त्याला लोकांनी आवरलं.

घर आम्ही त्या कोळशाच्या हद्दीच्या आतच बांधलं. ह्यांचा डावा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. हळद-तेल लावताना मी एकदा विचारलं, "काहून नाही फेकली माती?"

"फेकली असती तं खोटा ठरलो असतो."

"अहो, पण जागा त्याचीच निघाली ना!"

"निघाली. पन मी खोटा होतो का?"

मी पदर तोंडाला लावून रडले.

नातू सायन्स शिकलेला आहे. तो म्हणतो, मनावरच्या ताणानं अंगावर वळ उठतात. उठत असतील बापा. हाड मोडतं का? दात पडतो का? दुसरे म्हणतात, किसनभाऊचा कुणी पूर्वज त्या हद्दीची राखण करत होता. किसनभाऊला मी स्वतः विचारलं. तो म्हणाला, "वयनी, आमच्या घरात असं कोनी ऐकलं नाही." पुढे ह्याच किसनभाऊनं आमची छपरं शाकारली, माझ्या लेकींच्या लग्नात वाढपी झाला.

हे गेले तेव्हा शेवटची अंघोळ घालताना पाठ उघडी केली. डाव्या बाजूला, म्हणजे किसनभाऊच्या जागेकडच्या बाजूला, काळे वळ तसेच होते. म्हातारा किसनभाऊ पाणी ओतत होता, त्याचा तांब्या हातातून सुटला.

आणि गुलाबराव? कारंज्यात सुखानं जगला. साधी ठेच लागली नाही त्याला. नातवंडं खेळवत, पिकलं पान होऊन गेला.

म्हणून मला ते कोण होतं याचं फारसं पडलेलं नाही. मारणारं जे काही होतं, त्याला दिवसाउजेडी हद्द बोटभरही चुकली नाही, मधे मी होते तर मलाही वगळता आलं. एवढं ज्याला कळत होतं, त्याला गर्दीत पुढेच उभा असलेला गुलाबराव काहून दिसला नाही?