पत्रिकेतली नावं

धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा ते पार पाडायला घरात मी एकटीच होते. ती चौथीत असताना आई गेली, पुढे काही वर्षांनी वडील. तिला मीच वाढवलं. त्यात माझं लग्न मागे पडत पडत राहूनच गेलं. मी नांदेडला सरकारी कचेरीत नोकरीला, मुलाकडचे निलंग्याचे. दोघांना सोयीचं म्हणून कार्यालय लातूरला घेतलं आणि साखरपुडा, बस्ता, हळद, लग्न अशा सगळ्या ठरवाठरवीत माझे रविवार लातूरच्या एसटीत जाऊ लागले. आचारी, मांडववाला, फोटोवाला मला मॅडम म्हणत आणि शेवटी विचारत, "घरात कुणी मोठं माणूस हाय का बोलायला?" मी बेचाळीस वर्षांची होते.

पत्रिकेचा मात्र मी धसकाच घेतला होता. आमच्याकडे पत्रिका नवरा-नवरीची कमी आणि भावकीची जास्त. निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक आणि तळाला किलबिल म्हणून घरातली लेकरं. एखाद्याचं नाव राहिलं की तो लग्नाला येतो, पण जेवत नाही. मुखेडच्या काकांना चार वेळा फोन करून यादी केली. देवणीच्या आत्याचं नाव मामीच्या वर घातलं, मग मामी रुसू नये म्हणून तिला वेगळी ओळ दिली. दोन महिन्यांच्या बाळाचंही नाव घातलं. छापखान्यात बसून तीनदा तपासलं.

गठ्ठा घरी आणून सोडला आणि पहिली पत्रिका देवापुढे ठेवताना वाचली. सगळे होते. मी नव्हते.

आधी हसूच आलं. छापखानेवाला फोनवर म्हणाला, "थोड्या नव्या काढून देतो की, मॅडम." मी नको म्हणाले. मला एक वाईट खोड आहे. काही लागलं की सांगायचं नाही, कुणाच्या लक्षात येतं का ते बघत बसायचं.

तीन आठवडे बघितलं. पत्रिका हातात पडली की जो तो बोट फिरवत आपलं नाव शोधायचा आणि सापडलं की निवांत चहा प्यायचा. आत्या म्हणाली, "माझं नाव लई बारीक छापलंस गं." काकांना शाई फिकी वाटली. त्यांचा मला राग आला नाही. मी वाट बघत होते ती धाकटीची. तिने पत्रिकेचा फोटो स्टेटसला ठेवला, मैत्रिणींना वरपासून खालपर्यंत वाचून दाखवली, किलबिलमधल्या नावांवर खळखळून हसली. मी शेजारी बसून मेथी निवडत होते. 

हळदीच्या दिवशी दुपारी तिची होणारी सासू निलंग्याहून नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन कार्यालयात आली. धाकटी पाटावर बसली होती. सासूबाईंनी तिच्या एका गालाला हळद लावली आणि मधेच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, पत्रिकेत तुमचं नाव न्हाई दिसलं. म्या दोनदा बघितलं. चुकून राह्यलं काय?"

जेमतेम चार वेळा भेटलेल्या बाईने विचारलं होतं.

धाकटीने मान वर केली. तिला ते तेव्हा कळलं. तिचं तोंड एकदम उतरलं. "ताई?" एवढंच म्हणाली. तीन आठवडे मला हेच तर हवं होतं. तिला कळावं, तिला लागावं. पण तिचा तो चेहरा मला बघवेना.

"अगं, मीच नको म्हणाले होते," मी म्हणाले. "मला नाही आवडत असलं नावबिव."

तिला ते लगेच पटलं. "तुझं असंच असतं," असं म्हणून तिने दुसरा गाल सासूबाईंपुढे केला.