फुग्यातली अक्षरं
चित्रकथेतल्या पात्रांच्या तोंडचे फुगे कोणी लिहिले, हे तुम्ही कधी शोधलंत का? काळ्या शाईचा वास आला की मला साताऱ्यातले एक आजोबा आठवतात. मुंबईत चित्रकथांचे स्टुडिओ नवे होते, तेव्हा ते फुग्यांत हाताने अक्षरं भरत. पुस्तकावर नाव मात्र मालकाचंच असे. त्या अन्यायावर मी तावातावाने पत्रक काढलं. मथळा आजोबांनीच लिहिला, शाईवर फुंकर घालत. छापील पत्रक त्यांनी दोनदा वाचलं. "झ्याक झालंय. पर माजं नाव कुठं हाय रं?" खाली फक्त माझंच नाव होतं. "पुढच्या छपाईत घालतो." "व्हय, मालकबी असंच म्हनायचा," ते हसले. पुढची छपाई होण्याआधीच ते गेले. तुमच्या घरात जुनी चित्रकथा असेल, तर ती कोणाच्या हातची आहे ते शोधा आणि पहिल्या पानावर ते नाव लिहा.