ड्राइव्हमध्ये अडकलेल्या अक्षता

मित्रांनो, आज सकाळी दसऱ्याच्या पूजेत मी जुन्या लॅपटॉपवरही हळदकुंकू, अक्षता वाहिल्या. त्यावर आजच लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची होती. उद्या मुलगी तो घेऊन हॉस्टेलला जाणार, आणि तिच्या कॉलेजातल्या सरांना लिनक्सच लागतं.

लिनक्स सुरू करायची बूट फ्लॉपी लावली, लॅपटॉप ती वाचेना. चिंचणीहून बोईसरला मित्राकडे जाऊन आणखी दोन बनवल्या. त्याच्याकडे चालल्या, घरी नुसती खरखर! डोकंच फिरलं.

टॉर्च मारून पाहिलं, तर फ्लॉपीच्या ड्राइव्हमध्ये सकाळच्या अक्षता.

ड्राइव्ह उघडायला स्क्रूड्रायव्हर हवा, आणि तो पूजेत मांडलेला. बायको म्हणाली, "आज हत्याराला हात लावायचा नाय. देवाला चालंल काय?"

मुलगी म्हणाली, "देवाला चालंल गं आये, लिनक्स नसलं तर आमच्या सरांना नाय चालनार."

तुम्ही काय केलं असतं?

मी मग देवाला हात जोडले आणि पूजेतला स्क्रूड्रायव्हर उचलला.